पटावर उगवलेलं रान

सापशिडीत साप असतो, पण सापाचं त्यात काहीही नसतं. तो बेडूक पकडत नाही, कात टाकत नाही, बिळात शिरत नाही. वर तोंड, खाली शेपूट आणि मधून आपली सोंगटी घसरवणं एवढंच त्याचं काम. त्याच्या जागी घसरगुंडी काढली तरी खेळ तसूभर बदलणार नाही. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये नेमकं तेच केलं, साप पुसून घसरगुंड्या काढल्या, आणि कुणाचंही काही अडलं नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत झाडं, पक्षी, माती, ऋतू यांवरच्या पटखेळांचं जे पीक आलं आहे, ते पारखायला ही कसोटी मला पुरेशी वाटते. खोक्यावरचं पान-फूल पुसून टाकलं तर खेळ बदलतो का? बदलत असेल तर निसर्ग नियमांत उतरला आहे. बदलत नसेल तर तो नुसता वेष्टनाचा कागद. वेष्टनातले खेळ वाईटच असतात असं नाही, त्यांतले एक-दोन मला फार आवडतात. पण ‘मुलांना निसर्गाची ओळख होईल’ असं सांगून ते विकले जातात, तेव्हा खोकं उलटून बघावं.

हे पीक आलं कुठून? आज ज्याला आपण ‘मॉडर्न बोर्डगेम’ म्हणतो त्याचं माहेर जर्मनी. तिथे ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो आणि त्या शिक्क्यावर घरोघरी खोकी विकली जातात. बरीच वर्षं या खेळांचे विषय ठरलेले होते : किल्ले, रेल्वे, मध्ययुगीन व्यापारी, बंदरं. एलिझाबेथ हारग्रेव्ह ही अमेरिकेतल्या मेरीलँडची, आरोग्यधोरणाचं विश्लेषण करणारी, पक्षी बघायची आवड असलेली बाई. तिला यांतल्या कशातच रस नव्हता. आपल्याला ज्यात रस आहे त्यावर खेळ का नाहीत, या प्रश्नातून तिने ‘विंगस्पॅन’ रचला. तो २०१९ मध्ये आला आणि त्याच वर्षी जाणत्या खेळाडूंसाठीचा ‘केनरश्पील’ पुरस्कार घेऊन गेला. २०२२ चा मुख्य पुरस्कार ‘कॅस्केडिया’ला मिळाला. २०२४ चा केनरश्पील ‘डेब्रेक’ला मिळाला, म्हणजे थेट हवामानबदलाला. प्रकाशकांच्या लक्षात आलं की किल्ल्यांपेक्षा पानंफुलं जास्त घरांत शिरतात. पुढचं सांगायला नको.

निसर्ग नियमांत उतरणं म्हणजे काय, हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते ‘फोटोसिंथेसिस’मध्ये. यालमार हाख यांनी रचलेला, ब्लू ऑरेंज कंपनीने २०१७ मध्ये काढलेला हा खेळ दोन ते चार जणांचा आहे. पट षटकोनी. कडेला सूर्याचा पिवळा तुकडा असतो आणि दर फेरीला तो एक बाजू पुढे सरकतो. ऊन त्या बाजूने सरळ रेषेत पटावर पडतं. लहान झाडाची सावली मागच्या एका घरावर, मध्यम झाडाची दोन घरांवर, मोठ्याची तीन घरांवर. सावली टाकणाऱ्या झाडाहून तुमचं झाड उंच असेल तरच ते त्या सावलीतून सुटतं, नाहीतर त्या फेरीत उपाशी. ऊन मिळालेल्या लहान झाडाला एक गुण, मध्यमाला दोन, मोठ्याला तीन. हे उन्हाचे गुण हीच खेळातली सगळी कमाई. त्यांतूनच बी टाकायचं, रोप वाढवायचं आणि पूर्ण वाढलेलं झाड शेवटी पटावरून उतरवून अंतिम गुण घ्यायचे. बी किती लांब पडेल हेही झाडाच्या उंचीवर. पटाच्या मध्यावरच्या मातीचे गुण जास्त, पण सावल्यांची गर्दीही तिथेच.

आमच्या घरी हा पट मांडला तेव्हा नऊ वर्षांची भाची दुसऱ्याच फेरीत पटाकडे बघत बसली होती. खेळी तिची होती. “मामा, तुझ्या झाडाची सावली आत्ता माझ्यावर पडतेय. पण तीन फेऱ्यांनी सूर्य पलीकडे गेला की माझी तुझ्यावर पडेल ना?” असं म्हणून तिने बरोबर त्या हिशेबाने एक रोप वाढवलं. सूर्य फिरतो तशी सावली फिरते हे तिला शाळेत शिकवलेलं होतं. इथे त्या वाक्यावर तिची कमाई अवलंबून होती, म्हणून ते तिला खरंच कळलं. सूर्य तीनदा पूर्ण फिरला की खेळ संपतो, म्हणजे अठरा फेऱ्या. शेवटच्या फेऱ्यांत टाकलेलं बी कधीच मोठं होणार नाही, हेही कुणी सांगावं लागत नाही. मोठं झाड उतरवलं की त्याच्या मागच्या लहानांना एकदम ऊन मिळतं. रानात म्हातारं झाड कोसळल्यावर होतं ते हेच.

तरी हा खेळ रानाची अर्धीच गोष्ट सांगतो. त्यात सावली ही फक्त शत्रू आहे. आंबोली-भीमाशंकरच्या दाट रानात फिरलेल्या माणसाला माहीत असतं, की मोठ्या झाडांखाली रोपं सावलीतच तग धरून वर्षानुवर्षं वाट बघत असतात आणि काहींना तर सावलीच हवी असते. पाणी नाही, मूळ नाही, बुरशी नाही, कीड नाही. आणि वातावरण बरंच भांडकुदळ. चार माणसं बसली की एकमेकांचं ऊन अडवण्यात दिवस जातो आणि लहान मुलं रडकुंडीला येतात. हाख यांनीच २०२२ मध्ये ‘एव्हरग्रीन’ काढला. त्यात ऊन-सावलीचं तत्त्व राखलं आहे, पण प्रत्येकाला आपापला ग्रह दिला आहे. भांडण कमी झालं, धारही कमी झाली. मला जुनाच आवडतो.

‘विंगस्पॅन’ची गोष्ट वेगळी. मूळ खोक्यात १७० पक्ष्यांचे पत्ते आहेत, कुठलेही दोन सारखे नाहीत. जंगल, गवताळ रान आणि पाणथळ अशा तीन ओळी प्रत्येकासमोर असतात. पक्षी त्याच्या खऱ्या अधिवासात, त्याचं खरं खाणं मोजून बसवायचा. जंगलातून दाणापाणी मिळतं, गवताळ रानातून अंडी, पाणथळातून नवे पत्ते, आणि ओळीत जितके पक्षी तितकी ती ओळ जास्त देते. चार फेऱ्या. पहिल्या फेरीत आठ खेळ्या, मग सात, सहा, पाच. ओळींचं हे यंत्र जोरात चालू लागतं आणि नेमका तेव्हाच वेळ आटत जातो.

खरी मजा पत्त्यांवरच्या बारीक अक्षरांत आहे. काउबर्ड हा अमेरिकन पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. त्याचा पत्ता तुमच्यासमोर असेल तर दुसऱ्या कुणी अंडी घालायची खेळी केली की वाटीसारखं घरटं करणाऱ्या तुमच्या एखाद्या पक्ष्याला फुकट अंडं मिळतं. गिधाडाचा पत्ता असेल तर दुसऱ्याच्या शिकारी पक्ष्याची शिकार साधल्यावर तुम्हाला खाद्य मिळतं. ससाण्या-गरुडांसाठी गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटायचा. त्या पक्ष्याचा पंखविस्तार ठरावीक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर शिकार झाली, नाहीतर गेली. प्रत्येक पत्त्यावर पंखविस्ताराचा आकडा का छापला आहे, ते तेव्हा कळतं. ज्याने पक्षी पाहिले नाहीत त्याच्या हातून असला नियम सुचणार नाही.

पण हारग्रेव्हबाईंच्या रानात कमालीची शांतता आहे. तुमच्याच ओळीतला ससाणा शेजारच्या चिमणीला शिवत नाही, तो गठ्ठ्यातल्या अनोळखी पाखरांवरच जगतो. पाणथळ कधी आटत नाही, जंगलाला वणवा लागत नाही. एकदा बसवलेला पक्षी सहसा उडून जात नाही. म्हणजे हा पक्ष्यांचा अल्बम आहे, आणि अल्बम म्हणून तो अप्रतिम आहे. त्याचा आशियाचा भाग २०२२ मध्ये आला, ९० पक्ष्यांचा, दोघांना स्वतंत्रपणे खेळता येईल असा. त्यात मोर आहे, माळढोकही आहे. सोलापूरच्या नान्नजला माळढोक दिसणं किती दुर्मीळ झालं आहे हे माहीत असलेल्या घरात तो पत्ता हातात आल्यावर थोडं थांबायला होतं. खेळाला मात्र त्याचं काही नाही. तिथे तोही इतरांसारखाच गुण देणारा एक पक्षी.

रँडी फ्लिन यांचा ‘कॅस्केडिया’ त्या मानाने फारच सोपा. षटकोनी तुकडे जोडून उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा प्रदेश उभा करायचा आणि त्यावर पाच प्राण्यांच्या लाकडी चकत्या ठेवायच्या : अस्वल, एल्क हरीण, साल्मन मासा, ससाणा, कोल्हा. साल्मनला सलग साखळी लागते, कारण तो नदीच्या प्रवाहाविरुद्ध रांगेने चढतो. एल्क ओळीने कळप करतात. ससाण्याला शेजारी दुसरा ससाणा चालत नाही. कोल्ह्याचे गुण त्याच्या आजूबाजूला किती प्रकारचे प्राणी आहेत यावर, कारण तो काहीही खाऊन जगतो. ही मुळातली गुणपद्धत झाली. खोक्यात बदली पत्तेही आहेत, आणि ते वापरले की हा धागा सैल होतो. प्रत्येकाच्या वीस खेळ्या, अर्धा-पाऊण तास, भांडण जवळजवळ नाही. संध्याकाळी थकून आलेल्या आईबाबांना झेपेल असा एखादाच खेळ सांगा म्हटलं तर मी हा सांगेन.

अंत्वान बोझा यांचा ‘ताकेनोको’ (२०११) मुलांना पहिल्या मिनिटात जिंकतो. जपानच्या सम्राटाला भेट म्हणून पांडा मिळाला आहे, बागेत बांबू आहे, माळी तो वाढवतो आणि पांडा तो खातो. बांबूच्या लाकडी पेरांचे तुकडे एकावर एक चढतात, चारपर्यंत. कालव्याचं पाणी पोचल्याशिवाय काही उगवत नाही. हवेचा फासा पाऊस देतो, वारा देतो, वादळ आलं की पांडा घाबरून उडी मारतो. बागकामाचं शास्त्र म्हणून हे अगदीच ढोबळ आहे, पण एकाला जे वाढायला हवं तेच दुसऱ्याला खायला हवं, हा ताण खरा आहे. परसात शेवगा आणि त्यावर माकडं असलेल्या कोकणी माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अगदी लहानांसाठी जर्मनीच्या हाबा कंपनीचा १९८६ चा ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग, अजून विकला जातो आणि अजून त्याला तोड नाही. चार झाडं, फळं लाकडाची, फाशावर चार रंग, एक टोपली, एक कावळा. कावळा पडला की त्याच्या चित्राचा एक तुकडा जोडायचा. नऊ तुकडे पूर्ण व्हायच्या आत सगळी फळं उतरवली तर सगळे जिंकले, नाहीतर कावळा जिंकला. तीन वर्षांच्या मुलाला हरणं सोसत नाही, पण कावळ्याकडून सगळ्यांनी मिळून हरणं चालतं. हा खेळ रचणाऱ्या अनेलीझं फारकाशोव्स्की यांना हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता वेष्टनातले खेळ. उवे रोझेनबर्ग यांचा ‘बोनान्झा’ (१९९७) सगळा शेंगा-बियांचा, प्रत्येक पत्त्यावर एक विनोदी घेवडा. हातातले पत्ते जागचे हलवायचे नाहीत, आले त्याच क्रमाने पेरायचे. दोन शेतं, एका शेतात एकच वाण. नको ते बी पेरायची पाळी येऊ नये म्हणून समोरच्याशी घासाघीस करायची. घेवड्याच्या जागी चपला ठेवल्या तरी खेळ चालेल, कारण तो मुळात बाजार समितीच्या आवारातला खेळ आहे. आणि मोठ्या कुटुंबात, पाच-सात जण गोल बसून, इतका हसवणारा दुसरा नाही. डॅन कसार यांचा ‘आर्बोरेटम’ (२०१५) याच्या उलट, शांत आणि खुनशी. दहा जातींच्या झाडांचे पत्ते, त्यांची ओळीने वाट रचायची. पण त्या जातीचे सगळ्यांत वजनदार पत्ते शेवटी हातात राखले असतील तरच गुण मिळतात. गंमत अशी, की त्या दहांत रॉयल पॉइन्सियाना आणि जॅकरँडा आहेत, म्हणजे आपला गुलमोहर आणि नीलमोहर. दोन्ही परदेशातून येऊन आपल्या रस्त्यांवर रुळलेली झाडं पुन्हा परदेशी खोक्यातून घरी येतात. झाडांची जागा आकड्यांनी घेतली तरी चालेल असा खेळ, पण पत्ते भिंतीवर लावावेत असे.

‘एव्हरडेल’चं पुठ्ठ्याचं उभं झाड फोटोत छान दिसतं आणि टेबलावर पलीकडच्याचं तोंड झाकतं. ‘व्हर्डंट’ कुंडीतल्या झाडांचा आहे, नेटका, लक्षात न राहणारा. ‘फॉरेस्ट शफल’मध्ये युरोपातलं मिश्र जंगल एकेका झाडाच्या चारी बाजूंना प्राणी-पाखरं खोचून उभं राहतं आणि थंडीचा तिसरा पत्ता निघाला की खेळ संपतो. कल्पना देखणी, पण शेवटी गुणांची बेरीज करताना कॅल्क्युलेटर लागतो.

मराठी घरासाठी आणखी एक कसोटी आहे, आणि परदेशी परीक्षणांत ती सापडत नाही : आजी खेळू शकेल का? ‘विंगस्पॅन’च्या प्रत्येक पत्त्यावर इंग्रजी वाचावं लागतं. वाचता न येणारा माणूस दर खेळीला दुसऱ्याला विचारत राहतो आणि तिसऱ्या फेरीत चहा करायला उठतो. ‘फोटोसिंथेसिस’, ‘ताकेनोको’, ‘ओब्स्टगार्टन’ यांना मात्र भाषा जवळजवळ लागतच नाही. नियम एकाने वाचून सांगितले की झालं. दुसरी अडचण किमतीची. हे खेळ बहुतेक आयात होऊन येतात आणि मोठं खोकं काही हजारांत जातं. एकट्या घराने घेण्यापेक्षा सोसायटीच्या किंवा गावच्या वाचनालयाने चार-पाच घेऊन ठेवावेत हे जास्त शहाणपणाचं.

आपल्याकडे असे खेळ नव्हते का? होते, पण उलट्या पद्धतीने. आपल्या खेळांचा विषय निसर्ग नव्हता, त्यांचं सामान निसर्गाचं होतं. सागरगोटे म्हणजे काटेरी वेलीच्या टणक बिया. अष्टाचंग्याचे फासे म्हणून कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्यायचे, एक बाजू तपकिरी, एक पांढरी. दक्षिणेतल्या पल्लनकुळीत खळग्या-खळग्यांत बिया ‘पेरत’ पुढे जायचं. बी हातात होतं, म्हणून त्याचं चित्र काढायची कुणाला गरज वाटली नाही. नियमांत निसर्ग उतरलेला जुना खेळ शोधायचाच तर वाघ-बकरी. वाघ मोजके, बकऱ्या भरपूर. वाघ उडी मारून मारतो, बकऱ्यांना मारता येत नाही, पण एकमेकींना बिलगून त्या वाघाची वाट अडवू शकतात. हा पट जमिनीवर खडूने काढून होतो. आणि ‘नाव, गाव, फळ, फूल’ला तर कागद-पेन्सिल पुरे. त्यात ‘फूल’ला मुलं किती लवकर अडतात हे बघितलं की शहरात झाडांची नावं कुठवर आटली आहेत याचा अंदाज येतो. दर वेळी गुलाब, मोगरा, जास्वंद. ‘ब’ आलं तर बहावा आठवणारं मूल विरळा.

म्हणूनच वाटतं, की सह्याद्रीवरचा खेळ आता कुणीतरी रचायला हवा, आणि वाघ-मोराची चित्रं छापून तो रचू नये. सामग्री इतकी आहे की नियम आयते हाताशी येतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते. तो पत्ता खेळभर गप्प राहील आणि एका फेरीत सगळ्यांचे हिशेब उलटवील. आंब्यावरचं बांडगूळ फुलटोच्या पसरवतो, म्हणजे तुमच्या पक्ष्यामुळे माझ्या झाडावर भार. उंबराला त्याची चिमुकली गांधीलमाशी आल्याशिवाय बी धरत नाही. वडाची पारंबी शेजारच्या घरात उतरते, पळस पानं झडल्यावर, फाल्गुनाच्या सुमारास पेटतो. देवराईतलं झाड कुणीही तोडायचं नाही, हा तर जगातल्या कुठल्याही पटावर शोभेल असा नियम आहे. हे करायला वनस्पतीशास्त्राचा एक शिक्षक, गणिताची आवड असलेलं एक डोकं आणि चुकीचे पंचवीस पट फाडून टाकायची तयारी एवढं लागेल. पत्त्यांवरचा मजकूर मराठीत असावा, आणि शक्य तितका कमी.

तोवर विकत घ्यायचंच असेल तर माझा सल्ला असा. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर ‘ओब्स्टगार्टन’. सात-आठ वर्षांपुढची मुलं आणि आजीही बसणार असतील तर ‘ताकेनोको’. भांडण चालणार असेल आणि काहीतरी खरंच शिकायचं असेल तर ‘फोटोसिंथेसिस’, भांडण नको असेल तर ‘कॅस्केडिया’. ‘विंगस्पॅन’ घरात कुणी पक्षी बघणारं असेल तरच घ्या, नाहीतर ते देखणं खोकं कपाटावर धूळ खाईल. आणि खोकं घेण्याआधी एखाद्या बोर्डगेम कॅफेत तासभर बसून तो खेळ एकदा खेळून बघा. दुकानदार कधी खोकं उघडून दाखवत नाही.